रेवजीच्या पावरीतली फुंक

विसरवाडीजवळच्या एका पाड्यावर रेवजी राहायचा. तो भोपळ्याची पावरी फुंकायला लागला, की डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रिंगणातले भले भले गडी अंगात वारं येऊन घुमायचे. पण माणूस म्हणाल तर पक्का संशयी! कुणी दोनदा बघितलं, की हा पावरी काखेत दडवायचा.

त्याला कारणही तसंच होतं. पाड्याची रीत अशी, की पावरीवाल्याने मरताना शिष्याच्या तोंडात फुंक मारायची. ज्याला फुंक नाही, त्याने पावरीला हात लावायचा नाही. रेवजीचा गुरू म्हणजे त्याचा सासरा, नवलसिंग. रेवजी नवापूरच्या बाजारातून धावत आला तेव्हा म्हातारा गार पडला होता. जवळ एकटी कालीबाई, रेवजीची बायको. याने बाहेर येऊन बेधडक सांगून टाकलं, "फुंक मिळाली!" कालीबाई गप्प राहिली, आणि ते गप्प राहणंच रेवजीला जन्मभर छळत राहिलं.

एकदा फिरतीवरच्या गोऱ्या साहेबाने तंबूपुढे पावरी ऐकली आणि खूश होऊन म्हणाला, "इन्स्पिरेशन!"

साहेबाबरोबरच्या लोटन कारकुनाने सगळ्या पाड्यासमोर शब्दाची फोड करून सांगितली. डाक्तर श्वास आत घेण्याला हाच शब्द म्हणतो, पाद्री देवाच्या प्रेरणेला, आणि गाणाऱ्याला सुचतं तेही हेच. मूळ शब्द जुन्या लॅटिनातला, अर्थ आत फुंकणं. मग हसून म्हणाला, "साहेब इचारी ऱ्हायना, तुन्हामा कोनी फुंक मारी रे?"

रेवजीला ते खरंच वाटलं. पार विलायतेपर्यंत बातमी गेली? तो तरातरा घरी आला. कालीबाई जात्यावर बसली होती.

"तूच बोललीस! आता पावरी काढून घेतील माझी. मग मी काय करू, गुरं राखू?"

"मी कशाला बोलू?" जातं थांबवून ती म्हणाली. "बापाने तुझी वाट बघितली. शेवटी माझ्याच तोंडात फुंक मारली. बाईने पावरी धरायची नाही, मग सांगणार कुणाला? जात्यावर मी जे गुणगुणते तेच तू रिंगणात वाजवतोस. कधी विचारलंस, हे येतं कुठून?"

रेवजीने हातातल्या पावरीकडे बघितलं. एवढी वर्षं जिच्यावर पाळत ठेवली, तिचंच वाजवत होता की तो! लाजेने त्याला वर बघवेना.

"मग मला दे ती फुंक," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आत्ता दे." आणि त्याने खरंच तोंड उघडलं.

"अरे येड्या, ती मरतानाच देतात."

रेवजीने झटकन तोंड मिटलं.

"नको मग," तो म्हणाला. "मला नकोच ती."