त्रेचाळीस माणसं कुठे हलवली?

मर्चंडे मॅडमनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही शब्द पदरचा घातला नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण त्यातली अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. माजिवड्याच्या पुढे आमची कंपनी होती. एका जर्मन कंपनीशी करार करून ती ड्रिलिंगची मशिनं बनवायची, आणि तिकडून येणारी माहितीपुस्तकं आम्ही इंग्रजी-मराठीत करायचो. एकदा मी 'हात घालू नये'च्या जागी 'शक्यतो हात घालू नये' असं लिहिलं. मॅडमनी कागद परत केला.

"हेमा, तुझ्या या 'शक्यतो'मुळे कोणाचं तरी बोट जाईल."

मॅडमचं नाव मंजुळा. वडील भगवान मर्चंडे याच कंपनीत फिटर होते. खेडजवळच्या गावातून आलेले, खोपटला चाळीत दोन खोल्यांत राहायचे. कंपनी सुरू झाली तेव्हा मशिनं बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. पहिल्याच दिवशी तो जेवायला भगवानरावांच्या बाकावर येऊन बसला आणि त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली. गावाकडे ज्यांच्या ओट्यावर चढता येत नव्हतं, अशी माणसं त्या वेळी शेजारच्याच बाकांवर बसलेली होती. भगवानराव हे मरेपर्यंत सांगत होते. मुलगी मॅट्रिक झाली तसं त्यांनी तिला जर्मनच्या वर्गाला घातलं. ती भाषा शिकून मंजुळा वडिलांच्याच कंपनीत आली, पण वर्कशॉपात नाही, ऑफिसात. जुन्या मशिनांच्या नकाशांवर समासात हाताने लिहिलेल्या टिपा असत, आताच्या जर्मनांनाही न वाचता येणाऱ्या जुन्या वळणाच्या अक्षरात. त्यासुद्धा मॅडम वर्षानुवर्षं घोकून वाचायला शिकल्या.

त्या अक्षरामुळेच पुढचं सगळं झालं.

निवृत्तीनंतर त्या कल्याणला असायच्या, नवऱ्यासोबत. राजरत्न एसटीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शांत माणूस. दोन हजार वीसमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, मॅडमना जर्मनीहून काट्रिन नावाच्या बाईचा ईमेल आला. आमच्या जुन्या कंपनीतल्या कोणीतरी त्यांचं नाव सुचवलेलं. काट्रिनचे आजोबा, विल्हेल्म ओस्टरमोर, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात जनरल होते. त्यांची पत्रं आणि रोजनिशी पेटीत पडून होती. काट्रिनला ते अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तिची मुलं ऑस्ट्रेलियात वाढलेली, त्यांना इंग्रजीच हवं होतं. मॅडमनी काम घेतलं.

दोन वर्षं त्या जनरलसोबत राहिल्या म्हटलं तरी चालेल. फोनवर मला सांगायच्या. आज पोलंडमध्ये आहेत, अजून कर्नलच आहेत. आज फ्रान्समध्ये शिरले, घोड्याला ताप आहे. एक्केचाळीसच्या हिवाळ्यात रशियात त्यांच्या पायाची तीन बोटं बर्फाने गेली. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. बायकोच्या खोकल्याची चौकशी प्रत्येक पत्रात. मुलीला, म्हणजे काट्रिनच्या आईला, ते प्राण्यांची चित्रं काढून पाठवायचे. पुढे त्यांना जनरल करून ग्रीसला धाडलं.

"माणूस चांगला होता गं," मॅडम म्हणाल्या होत्या. "चुकीच्या बाजूला होता, पण चांगला होता."

ग्रीसच्या रोजनिशीत ऑक्टोबर एकोणीसशे त्रेचाळीसचं एक पान होतं. त्यात गावाचं नाव नव्हतं, लष्करी नकाशावरचा क्रमांक होता. आदल्या दिवशी त्या गावाजवळच्या रस्त्यावर दोन जर्मन ड्रायव्हर मारले गेले होते. जनरलनी लिहिलं होतं: 'गाव साफ केलं. पुरुष रहिवासी निकालात काढले, ४३.'

'निकालात काढणे' हा जर्मन शब्दही आपल्यासारखाच. कागदाचं काम झालं तरी तो, माणूस संपवला तरी तोच. आमच्या कंपनीत तक्रार सुटली की फॉर्मवर त्याच शब्दाचा शिक्का मारत. मॅडमनी राजरत्नांना तो वाचून दाखवला.

"मग दुसरा अर्थ निघू शकतो ना?" त्यांनी विचारलं.

"निघतो. पण इथे नाही निघत. पुढच्याच ओळीत काडतुसं किती लागली ते लिहिलंय."

त्याच आठवड्यात काट्रिनने व्हिडिओ कॉल केला होता. आजोबांनी लावलेलं सफरचंदाचं झाड दाखवलं, आणि खुर्चीत बसलेली नव्वदीची आई. म्हाताऱ्या बाईने कॅमेऱ्यापुढे हात हलवून मॅडमचं नाव घेतलं, अगदी स्वच्छ, 'मंजुळा'. मॅडम दोन दिवस त्या पानापाशी थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजीत लिहिलं की त्रेचाळीस पुरुष रहिवाशांना गावातून हलवण्यात आलं. काडतुसांची ओळ गाळली.

राजरत्नांनी एवढंच विचारलं, "लिहिलंस?"

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

जनरल पुढे हंगेरीत लढले, अमेरिकनांच्या हाती सापडले, दोन वर्षांनी सुटले. खटला झाला नाही. एकसष्ट साली घरच्या बिछान्यात गेले. काट्रिनने घरापुरतं पुस्तक छापलं आणि इंटरनेटवरही ठेवलं. प्रस्तावनेत लिहिलं, 'आजोबा सैनिक होते, खुनी नव्हते. या पानांनी आमच्या मनावरचं ओझं उतरवलं.' खाली अनुवादक म्हणून मंजुळा मर्चंडे. मॅडमनी माझी प्रत टपालाने पाठवली. मी कौतुकाचा फोन केला, तर नुसतं "हं" म्हणाल्या.

दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये त्यांना ग्रीसमधून एका शाळामास्तरचा ईमेल आला. स्टाव्ह्रोस त्याचं नाव. नकाशाच्या क्रमांकावरून त्याने गाव ओळखलं होतं. ते त्याचंच गाव. तिथल्या पुरुषांना चर्चच्या भिंतीशी उभं करून मारलं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. सगळी प्रेतं मात्र मिळाली नव्हती. आठ-नऊ जणांचा पत्ता लागला नाही, त्यात त्याचे आजोबा. आता परदेशातल्या कोणा नातेवाइकाने हे पुस्तक वाचून त्याच्या आत्याला फोन केला होता. आत्या एकोणनव्वद वर्षांची. वडील गेले तेव्हा आठ वर्षांची होती.

'ती रोज मला विचारते,' त्याने लिहिलं होतं, 'कुठे हलवलं? कुठल्या छावणीत? तिकडचे कागद कुठे मिळतील? बाई, तुम्ही मूळ पान पाहिलं आहे. तिला काय सांगू?'

मॅडमनी मला घरी बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा राजरत्न चहा करत होते आणि मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मला तो ईमेल त्यांनी वाचायला दिला. मग मूळ पान दाखवलं. मला जुनं अक्षर येत नाही, म्हणून त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं, जशा कंपनीत शिकवायच्या.

मी म्हटलं, "मॅडम, चूक होते माणसाकडून."

"चूक नाही ती. मला शब्द कळला नसता तर चूक. मला त्या म्हातारीचं वाईट वाटलं, काट्रिनच्या आईचं. दुसरीकडे कुठे एखादी म्हातारी असेल, हे डोक्यातच आलं नाही."

त्याच दुपारी त्यांनी दोन ईमेल लिहिले. स्टाव्ह्रोसला खरा शब्द, काडतुसांची ओळ, आणि हे आपण जाणूनबुजून बदललं होतं, असं सरळ. काट्रिनला तेच, शिवाय पानाची दुरुस्ती. राजरत्न म्हणाले, "मंजू, जाणूनबुजून कशाला लिहितेस? नजरचूक म्हण." मॅडमनी नकारार्थी मान हलवली आणि तसंच पाठवून दिलं.

स्टाव्ह्रोसचं उत्तर आठवड्याने आलं. आत्याला वाचून दाखवलं, असं त्याने लिहिलं. ऐकून तिने आतल्या खोलीत जाऊन बॅग रिकामी केली. छावणीचा पत्ता लागला तर जायचं म्हणून तिने ती भरून ठेवली होती. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

काट्रिनचं उत्तर महिन्याने आलं, चार ओळींचं. दुरुस्ती छापेन, इंटरनेटवरचंही पान बदलेन. रागावलेली नाही. 'पण आई मागच्या वर्षी गेली. दोन वर्षांपूर्वी तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी तिला विचारलं असतं, तिला काय ठाऊक होतं ते. आता विचारायला कोणी नाही.' त्यानंतर ईमेल थांबले.

मॅडमनी तीन-चारदा लिहून पाहिलं. मग सोडलं. अनुवादाची कामंही बंद केली. एका प्रकाशकाने चांगल्या पुस्तकासाठी विचारलं, त्याला माझं नाव दिलं.

परवा खोपटच्या एसटी स्टँडवर भेटल्या. खेडला निघाल्या होत्या, चुलतभावाकडे. केस पांढरे केलेत, म्हणजे रंगवायचे थांबवलेत. माझ्या कामाची चौकशी केली, एका वाक्याबद्दल मी अडले होते ते तिथेच उभ्याउभ्या सोडवून दिलं. मग म्हणाल्या, "बाबांना ही गोष्ट सांगता आली असती का, असा विचार करते. नसती आली."

मी म्हटलं, बाबांनी समजून घेतलं असतं.

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी समजून घेतलं असतं. तेच सोसलं नसतं मला."

खेडची गाडी लागली. त्या पिशवी उचलून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.