पेवावरची मोटार

कुंभारीत सोताची मोटार पयली कुणी आणली आसं कुणालाबी इचारा, धनगराच्या मायाप्पाचं नाव सांगंल. त्यो माजा धाकटा भाऊ. मी ज्ञानबा, थोरला. माजी साळा तिसरीपतोर, त्याची दुसरीपतोर, पर डोक्यानं त्यो माज्या लई म्होरं हाय. ह्ये मी सगळ्या गावाला सांगतो, त्याच्या तोंडावर मात्र कदी सांगत न्हाय.

मेंढरामागं हिंडायचं त्याला कदी जमलं न्हाय. सोळा वर्साचा झाला तसा सोलापुरात गेला, सात रस्त्यापाशी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर किलीनर म्हणून ऱ्हायला. धा वर्सं दुसऱ्याच्या मोटारी पुसल्या, मग चालवल्या. गिरणीतला एक सायेब इलायतेला माघारी चालला, तवा त्याची कापडी टपाची जुनी मोटार मायाप्पानं घेतली. त्यापायी आमच्या कळपातली निम्मी मेंढरं गेली. चुलते आठ दिस बोलले न्हाईत. म्या म्हणलं, नका बोलू. भावाच्या मोटारीत बसून मी त्यांच्या दारावरनं दोनदा गेलो.

त्या मोटारीला त्यो कुणाला हात लावू देत न्हाय. इंजिनातलं तेल काळं झालं की काडायचं, तेल गाळायची जाळी धुवायची, नवं तेल भरायचं, समदं सोता. हवा ओढायच्या तोंडाला धूळ आडवायची एक जाळी व्हती, ती सडली. तर पठ्ठ्यानं आमच्याच मेंढीची लोकर पिंजली, तेलात भिजवली आन् तितं बशिवली. सोलापुरातला एक मिस्त्री ती बगून गेला. म्या त्याला च्या पाजला आन् परत एकदा बगाय लावली.

तेल काडायचं म्हंजी मोटारीखाली शिरायला पायजे. आमच्या घरामागं आज्याच्या येळचं पेव व्हतं, जुंधळं साटवायचं भुईतलं कोठार. तोंड बारीक, आत पोट मोठं. त्याचं तोंड ढासळून माणूसभर लांब झालं व्हतं, जुंधळं ठेवायचं आमी बंद केलं व्हतं. मायाप्पानं त्यात मुरूम टाकून छातीइतकं उथळ केलं. मोटार वर आणायची, चाकं दोनी अंगाला, मधी खड्डा. मागल्या बाजूनं हात-दीड हात जागा उगडी ऱ्हायची, तितनं आत उतरायचं. आसा खड्डा सोलापुरातबी मोजक्याच ठिकाणी व्हता.

पेवाचं मला कुणी शिकवू नये. बंद पेवात वाईट हवा आसती, उतरलेला माणूस हाक न देता पडतो. म्हणून पेव उगडं टाकायचं, मग आत कंदील सोडायचा. कंदील इजला तर उतरायचं न्हाय. ह्ये बापानं मला शिकिवलं. त्या दिशी सकाळी म्या सोता कंदील सोडला. झ्याक जळला. मायाप्पाला म्हणलं, "जा बिनघोर. दिवा जळतोय तवर तुला काय व्हत न्हाय."

"दादा, आता हे पेव कुटं ऱ्हायलंय?" त्यो म्हणला. "साधा खड्डा हाय की."

"तरी दिवा ठेव संगं."

उतरला. बूच काडलं, काळं तेल डब्यात सोडलं, जाळी रॉकेलात धुतली, परत बशिवली. वर येऊन रॉकेल मिसळलेलं पातळ तेल इंजिनात वतलं.

म्या इचारलं, "ह्ये कशापायी?"

"पोटातला गाळ धुवायला. दोन मिनिटं इंजिन फिरवायचं आन् ह्येबी काडून टाकायचं. मग नवं तेल."

हँडल मारलं, इंजिन लागलं. धूर जायची नळी मधीच फुटली व्हती, बरोबर खड्ड्यावर. त्याला ठावं व्हतं, फुडल्या हप्त्यात सांधून आणणार व्हता. "बुचातनं गळतंय का बगतो," म्हणला आन् इंजिन चालू आसतानाच खाली गेला.

मागल्या दारात त्याची बायको केराबाई भांडी घाशीत व्हती. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिराम्होरं बोलत न्हाय. लगीन होऊन सात वर्सं झाली, माज्याशी तिनं एक सबूद काडला न्हवता. मला काय सांगायचं झालं तर मांजराला सांगायची. त्या दिशीबी ती मांजराला म्हणली, "दोन मिनिटं कवाच झाली की गं."

म्या मांजरालाच सांगितलं, "त्याचं त्याला कळतंय."

पर हाक मारली. "ए माया." उत्तर न्हाय. इंजिनाच्या धडधडीत ऐकू जात नसंल. वाकून बगितलं. खड्ड्यात निळा धूर भरला व्हता आन् धुरात कंदील जळत व्हता. त्यो बगून मी परत ताट उबा ऱ्हायलो. गावात मी लई सांगतो, ह्ये सांगत न्हाय. दिवा जळतोय म्हणून मी तितं एक इडी संपंल इतका येळ उबा ऱ्हायलो.

मग केराबाई माज्याम्होरं येऊन उबी. डोईवर पदर न्हाय. "भावजी, त्यांचा पाय आडवा दिसतोय."

आडवा पाय म्हंजी माणूस खाली पडल्याला. "माया, माया," म्हणत मी इंजिनाकडं पळालो, झाकण उगडलं, आत समदं फिरतंय, थरथरतंय. कुटं हात घालू? आंडील बैल आवरल्यात म्या, लांडगा हाणलाय, पर ह्ये कुटनं बंद करायचं ठावं न्हवतं. केराबाई मोटारीत चढली आन् एक खटका फिरवला. इंजिन थांबलं.

त्यो आवाज बंद झाल्यावर मी जास्त भ्यालो. खालनं काय ऐकायला येईना. कण्हणं न्हाय, खोकणं न्हाय.

मागच्या हातभर जागेतनं मी शिरलो तर त्याला वडायला हात फिरंना. पेवाच्या पोटात त्यो कलंडून आत सरकला व्हता. म्या म्हणलं मोटार ढकलू. जोर लावला, हालंना.

"बिरीक लावलाय," केराबाई म्हणली. "धोंडप्पांना हाक मारा."

शेजारचा धोंडप्पा हाक ऐकून पळत आला. केराबाईनं बिरकीचा दांडा सोडला, दोनी हातानी चाक धरलं. नवऱ्याशेजारी बसून तिनं ते कवा बगून ठेवलं व्हतं कुणाला ठावं. आमी दोघानी मागनं रेटलं. मोटार थोडी वाकडी गेली आसती तरी मागलं चाक खड्ड्यात, त्याच्या अंगावर गेलं आसतं. मुरमाचं खडं कडंनं सुटून आत पडत व्हतं, आन् आत कशावर पडतंय ह्ये मला कळत व्हतं.

"सरळ ठेव गं," धोंडप्पा म्हणत व्हता. "सरळ."

"तुमी ढकला," ती म्हणली.

मोटार म्होरं गेली. धोंडप्पानं माज्या काकंत दोर बांदला, म्या छातीत हवा भरली आन् उतरलो. मायाप्पाचं गाल लाल झालं व्हतं, उनात खेळून आलेल्या पोरावानी. मला वाटलं ह्यो झोपलाय. कानशिलात मारली तर मान दुसरीकडं पडली. त्याला काकंत धरून उचललं, धोंडप्पानं वरनं हात वडलं. तेवढ्यात माज्या डोळ्याम्होरं काळं आलं. शेवटाला म्या बगितला त्यो कंदील, तसाच झ्याक जळत व्हता.

मला दोरानं वर घेतलं. शुद्ध आली तर मी लिंबाखाली आन् शेजारी मायाप्पा. केराबाई त्याच्या छातीवर हात घासत व्हती आन् त्याला नावानं हाका मारत व्हती. बायकूनं नवऱ्याचं नाव घेतल्यालं म्या पयल्यांदा ऐकलं. धोंडप्पानं तोंड दुसरीकडं केलं. ती घेत ऱ्हायली, "मायाप्पा, ए मायाप्पा," आन् दोन सासामधी इतका येळ जायचा की मी दर बारीला म्हणायचो, झालं.

"सोलापूरला न्या," धोंडप्पा म्हणला. "मोटार हाय की दारात."

चालवणारा निजल्याला, आन् इंजिनात रॉकेल. धोंडप्पानं बैलगाडी जुपली आन् हाकाय बसला. गाडीत मायाप्पाचं डोकं माज्या मांडीवर. कुंभारी ते सोलापूर म्या त्याच्या नाकाखालचं बोट काडलं न्हाय. गाडी धक्का खायची, सास कळायचा न्हाय, मी बैल थांबवाय लावायचो. केराबाई म्हणायची, "थांबवू नका, भावजी." अर्ध्या वाटंत त्यो वकला. मग डोळं उगडून केराबाईकडं बगितलं आन् इचारलं, "कुणी बंद केलं?"

"मी," ती म्हणली, आन् तवा पयल्यांदा रडली.

डागदरानं त्याला तीन दिस ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणला, मोटारीच्या धुरात दिवा जळतो आन् माणूस पडतो, ती पेवाची हवा येगळी. माज्या बापाचं शिकिवणं खोटं न्हवतं. पर मोटार बापानं बगितली न्हवती, आन् मी मोटार बगूनबी तेच सांगितलं.

मायाप्पा दवाखान्यात आसतानाच म्या ते पेव बुजवलं. तीन दिस मुरूम वाहिला, पायानं तुडवला. घरी आल्यावर त्यो लई भडकला. म्हणला, "नळी सांदली की झालं. खड्ड्याचा काय गुना?" म्या म्हणलं, तुला पायजे तर दुसरा खण, मी त्यातबी मुरूम टाकीन.

आता त्यो रस्त्यात उगड्यावर तेल बदलतो. मोटारीची म्होरली चाकं दोन फळ्यावर चढिवतो, गोणपाट हातरतो आन् पाठीवर निजून खाली सरकतो. तेल डोळ्यात जातं, जाळी धुळीत पडती, तवा बुजवणाऱ्याच्या नावानं खालनं काय काय बोलतो. थोरल्या भावाला कुणी आसं बोलत न्हाय. येणारे-जाणारे माज्याकडं बगत्यात.

मी चाकाशेजारी बसून समदं ऐकून घेतो. त्यो गप झाला की त्याचा पाय हालवतो.