लिफ्टमधले रामटेके काका

रामटेके काका कुठल्याही इमारतीत शिरले की आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधत. लग्नाचं कार्यालय असो की नाट्यगृह, यजमान दारात स्वागताला उभे असायचे आणि काका मागच्या जिन्याला कुलूप तर नाही ना, हे पाहायला गेलेले असायचे. मूळचे नागपूरचे, एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. हडपसरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणि सुजाताकाकू राहत.

सोसायटीत दरवर्षी ते आगीची तालीम घ्यायचे. "लिफ्ट म्हणजे पेटी. पेटीत बसायचं नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या लहान मुलांनाही पाठ होतं. कुणी हसलं तर शांतपणे म्हणायचे, "हसा बाप्पा. फक्त जिन्यानं उतरता उतरता हसा."

एकदा दुपारी तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत खरोखरच आग लागली. काका भाजी घेऊन फाटकातून आत येत होते. काकू वर, सातव्या मजल्यावर. जिन्यातून धूर निघताना दिसला आणि काकांनी पिशवी टाकली. वॉचमन म्हणाला, "साहेब, थांबा, लोक उतरतायत." काका थांबले नाहीत. सरळ लिफ्टमध्ये शिरले. थोड्याच वेळात वीज गेली आणि लिफ्ट मध्येच अडकली.

काकू नाकाला ओला पंचा लावून, शेजारच्या आजींचा हात धरून जिन्यानं खाली आल्या. आल्या आल्या विचारलं, "हे कुठायत?" वॉचमननं लिफ्टकडे बोट दाखवलं.

अग्निशमन दलाच्या लोकांनी काकांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता, खोकला थांबत नव्हता. काकूंनी त्यांना पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "पेटीत बसायचं नाही, असं आमचे एक साहेब सांगतात."

दुसरा कुणी असता तर शरमेनं घरात बसला असता. काकांना मात्र कुतूहलानं झपाटलं. मला म्हणाले, "गंमत ऐक. मी विसरलो नव्हतो. लिफ्ट वापरू नका, हे मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. आणि बोट बटण दाबत होतं. हे कसं काय?"

मग ते जो भेटेल त्याला विचारत सुटले. रागाच्या भरात नोकरी सोडून आलेला मुलगा, भावाशी कायमचं बोलणं तोडलेल्या बाई, रिक्षावाला. सगळ्यांना एकच प्रश्न: "त्या वेळी कळत होतं का?" बहुतेक जण म्हणायचे, कळत होतं. काकांचा निष्कर्ष असा, "अक्कल कुठं जात नाही. ती तिथंच उभी राहून ओरडत असते. तिचं ऐकायला घरात कोणी नसतं."

पुढच्या तालमीत त्यांनी एक नवा नियम आणला. प्रत्येकानं आपल्याला अडवणारा माणूस आधीच ठरवून ठेवायचा, आणि तो घरातला नको. त्यांनी मला निवडलं. "मी धावायला लागलो की धरायचं. मी काय बोलतो ते ऐकायचं नाही."

दीडेक वर्षानं काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. आवाज ऐकून मी समोरून धावत गेले, तर त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. काकांनी गाडीची किल्ली उचलली. काकूंना तिथंच सोडून ते जिन्याकडे धावायला लागले. मी त्यांना धरलं आणि किल्ली हिसकावून घेतली. "काका, तुम्ही मागं बसा. काकूंचं डोकं धरा."

काका मला बोलले. शांत म्हणून ओळखला जाणारा तो माणूस रस्ताभर मागून मला वाटेल ते बोलत होता. मी गाडी चालवत राहिले. दवाखान्यात वेळेत पोचलो.

काकू सावरल्यावर एके दिवशी काकांनी मला बोलावलं. "त्या दिवशी मी काय काय बोललो? मला काही आठवत नाही. खरं सांग, मला कळायला पाहिजे."

मी सांगितलं. काका एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होते. शेवटची शिवी मात्र मी गाळली.

"अजून एक होती," पलंगावरून काकू म्हणाल्या. जीभ अजून जड होती, त्यामुळे शब्द सावकाश येत होते. "मला सगळं ऐकू येत होतं. बोलता तेवढं येत नव्हतं."

काकांनी मान खाली घातली. "मग घाबरली असशील."

"नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही मागून ओरडताय, म्हणजे गाडी दुसरं कोणीतरी चालवतंय, एवढं कळलं. मग मी निवांत डोळे मिटले."