रतनच्या कपाळावरची खोक

सभागृहाच्या दारात दादासोला फेटा बांधत होते. आणि तो पठ्ठ्या मान ताठ करून, छाती काढून असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, हॉस्पिटल ह्यानंच बांधलंय. पांढरं कडक इस्त्रीचं धोतर, नवा सदरा, पायात करकरणाऱ्या वहाणा. रतननं आपल्या नवऱ्याचा तो थाट लांबूनच पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्याला कुणी बोलवलं?" तिनं विचारलं.

"सरप्राइज, मावशी!" शेजारी उभी असलेली स्वरदा टाळी वाजवून म्हणाली. स्वरदा म्हणजे डॉक्टरांची सून. दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यात जुन्या माणसांचा जोडीनं सत्कार करायचा, ही कल्पना तिचीच. "तुम्ही एवढी वर्षं दवाखान्याला दिलीत, म्हणजे घरच्यांचाही त्याग आलाच की नाही? म्हटलं, काकांना गाडी पाठवून वरकुट्याहून आणावं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको-नको म्हणाला असता."

नको-नको! अहो, रतननं चपलेनं हाकललं असतं त्याला. पण ह्या पोरीला काय बोलायचं? लग्न होऊन तीन वर्षं झाली तिला ह्या घरात, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुण्यात वाढलेली, मनानं सरळ. तिच्यावर चिडण्यात काही अर्थ नव्हता, हे रतनला कळत होतं. पण राग असा थोडाच ऐकतो कुणाचं? तो कुठं जायचं ते शोधत तिच्या छातीत नुसता धडका मारत राहिला.

त्याग म्हणे. दादासोनं आयुष्यात एकच गोष्ट त्यागली होती, ती म्हणजे काम. त्याच्या बापाची मेंढरं होती. बाप गेला, मेंढरं विकली, आणि हा गडी जो पारावर जाऊन बसला तो आजतागायत. शेती रतननं बघायची, म्हस रतननं धुवायची, आणि भाकरीला उशीर झाला की शिव्याही रतननंच खायच्या.

मग वैष्णवी आजारी पडली. रतनची ही एकुलती एक लेक, तेव्हा दोन वर्षांची होती. छाती भरून आलेली, श्वास लागलेला. पारावरचा डाव सोडून दादासो उठला नाही, तेव्हा रतन एकटीच पोरगी खांद्यावर टाकून एस.टी.नं बारामतीला आली. डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे तेव्हा पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या दोन खोल्या. खिडकीत बोट फिरवलं की बोटाला पीठ लागायचं. रघुनाथ डॉक्टर मुलांचे, त्यांच्या पत्नी श्यामलाबाई बायकांच्या. वैष्णवी बरी होत आली तेवढ्यात दवाखान्याची आया न सांगता निघून गेली, आणि नेमकी त्याच दुपारी एक अडलेली बाळंतीण बैलगाडीतून आली. श्यामलाबाई आतून ओरडल्या, "ए, तू! हात धू आणि इकडे ये!" रतननं हात धुतले आणि ती गेली. ती गेली ती गेलीच. परत वरकुट्याला राहायला म्हणून ती कधी गेली नाही.

भिगवण रस्त्याला डॉक्टरांनी जागा घेतली आणि बांधकाम काढलं, ते वर्ष नेमकं दुष्काळाचं. बोअरला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा येईल, आणि नव्या भिंतींना तर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट ताकद धरत नाही. मुकादम दोन दिवसांआड तोंड दाखवायचा. मग ड्युटीवर जायच्या आधी आणि ड्युटी सुटल्यावर रतनच बादल्या वाहायची. पाणी सांडू न देता, भिंत वरपासून खालपर्यंत भिजवायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिला वाटायचं, हे आपलं आहे. वेडी होती तेव्हा, असं ती आता म्हणते, पण तेव्हा तिला खरंच तसं वाटायचं.

आणि तिथंच एका सकाळी दादासो आला. बांधकामावर, गवंड्यांच्या देखत. "चल घरी. आमच्या घरातली बाई लोकांची बाळंतपणं काढत न्हाय," म्हणाला. रतन म्हणाली, "न्हाय येत." पुन्हा म्हणाला. ही पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा त्यानं बोलायचे कष्ट घेतले नाहीत. तिच्याच हातातली लोखंडी बादली हिसकली आणि तिच्याच कपाळात घातली. डाव्या भुवईपासून थेट केसांपर्यंत खोक पडली. गवंडी धावले तसा हा वाघ कुंपणावरून उडी टाकून पळाला.

टाके श्यामलाबाईंनी घातले. घालता घालता हळू आवाजात म्हणाल्या, "रतन, हे बाहेर जाऊ देऊ नकोस बाई. पोलीस येतील, बभ्रा होईल. बँकेचे लोक उद्याच बांधकाम बघायला येतायत. तेवढं सांभाळून घे. पायरीवरून पाय घसरला म्हण."

आता कपाळात सुई असताना माणूस काय बोलणार? रतन हं म्हणाली.

झालं. पायरीवरून पाय घसरला. गवंड्यांनाही तेच सांगायला लावलं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर रतननं गिळली असती हो. गोष्ट वाढायला लागली. नवीन नर्सा आल्या की रघुनाथ डॉक्टर त्यांना सांगायचे, "ही आमची रतन. भिंतीला पाणी मारताना पायरीवरून पडली, कपाळ फुटलं, टाके पडले आणि त्याच संध्याकाळी ड्युटीवर हजर! ह्याला म्हणतात निष्ठा." पोरी तिच्या कपाळाकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं बघायच्या. दर वर्धापनदिनाला तेच. कुणी रजा मागितली की तेच: रतन बघ, टाके घेऊन आली होती. संध्याकाळी हजर झाली, हे खरं होतं. न होऊन ती जाणार कुठं होती? वैष्णवीला कुशीत घेऊन ती तेव्हा दवाखान्याच्याच मागच्या खोलीत झोपायची.

तो वाघ त्यानंतर कधी फिरकला नाही. लेकीची शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, कशालाच नाही. आणि आज फेटा बांधून दारात!

रतन तडक आत गेली. स्टेजच्या मागच्या खोलीत श्यामलाबाई आरशासमोर पदराला पिन लावत होत्या.

"बाई, त्या माणसाशेजारी मी बसणार न्हाय."

श्यामलाबाईंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "मलाही सकाळीच कळलं, रतन. मी स्वरदाला बोलले. पण तो येऊन बसलाय, पाहुणे आलेत, त्याला परत कसं पाठवायचं? दहा मिनिटांचा प्रश्न आहे. आता एवढी वर्षं झाली. सांभाळून घे."

पुन्हा तेच. तेच शब्द, तोच हळू आवाज. आणि मग रतनच्या छातीतल्या त्या रागाला आपली जागा सापडली. दादासोचं काय घेऊन बसलात, तो रस्त्यातला धोंडा. ठेच लागली, बाजूला केला, विषय संपला. पण बाई तिच्या होत्या. ह्या बाईंच्या दुसऱ्या बाळंतपणात रतन रात्रंदिवस उशाशी बसली होती. ह्या बाईंची सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिची पाठ रतननं पुसली होती. आणि ह्या बाईंना सगळं ठाऊक होतं. सुई त्यांच्याच हातात होती.

"सांभाळूनच घेत आले की," रतन म्हणाली. "तुमचं सांभाळलं. माझं कुणी सांभाळायचं?"

"रतन, आज नको," बाई म्हणाल्या आणि पिन तोंडात धरून दुसरीकडे वळल्या.

घरी निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पायऱ्या उतरून ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा. मग एकदम तिचं तिलाच हसू आलं. आपण का जायचं? भिंतींना पाणी आपण घातलं, आणि सत्काराला तो बसणार, आपण घरी? बरं चाललंय! ती माघारी फिरली आणि सरळ स्टेजवर जाऊन आपल्या खुर्चीत बसली. शेजारच्या खुर्चीत दादासो होताच. अंगाला अत्तराचा भपकारा.

"बरी हायस न्हवं?" त्यानं पुटपुटत विचारलं. तिनं मान वळवली नाही.

पहिल्याच रांगेत वैष्णवी बसली होती. भिगवणला शाळेत शिकवते ती. शाळा सुटल्यासुटल्या आलेली. जोडीनं सत्कार म्हटल्यावर आईशेजारचा फेटेवाला कोण, हे तिनं ओळखलं होतं; तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ऑफिसातला ऋषिराज माइकवर होता. आवाज गोड, बोलणं पाठ. "आणि आता आपल्या लाडक्या रतनमावशी! मित्रहो, ह्या कपाळावरची ही खूण बघा. भिंतींना पाणी मारताना मावशी पायरीवरून पडल्या, कपाळ फुटलं…"

पडद्यावर तिचा फोटो आला, मुद्दाम कपाळ दिसेल असा. आणि रतननं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, शेजारी दादासो मान डोलावत होता. व्हय व्हय, पायरीवरनं पडली बिचारी! अशी मान. निर्लज्जपणालाही काही सीमा असते म्हणतात. कुठं असते कोण जाणे.

शाल झाली, नारळ झाला, सन्मानचिन्ह दोघांच्या हातात मिळून दिलं, फोटो काढला. मग ऋषिराजनं माइक दादासोपुढं धरला. "काका, दोन शब्द?"

दादासोनं घसा खाकरला. "मी काय जास्ती बोलणार न्हाय. पहिल्यापासनं माझा हिला पाठिंबा हाय. मीच म्हणलं, जा, लोकांची सेवा कर. आमच्याकडं बायकांना कुठं बाहेर धाडत्यात? पण मी परवानगी दिली. म्हणून आज ही हितं बसलीया."

सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दादासो हात जोडून खाली बसायला लागला. त्याचं बूड खुर्चीला टेकायच्या आत रतननं ऋषिराजच्या हातातून माइक ओढून घेतला.

"मी पायरीवरनं पडले न्हवते," ती म्हणाली.

ऋषिराज हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. पुढं एक-दोघं हसले.

"हसू नगा. ह्या माणसानं माझ्या कपाळात बादली घातली हुती. लोखंडाची. मी ड्युटी सोडंना म्हणून. ही ह्याची परवानगी!" तिचा आवाज आता चढला. "आन् मी पडले असं मला सांगायला लावलं. ते कुणी लावलं, ते मी बोलणार न्हाय. ज्यांनी टाके घातले, त्यांनी बोलावं. बाई, उठा."

रघुनाथ डॉक्टर खाली बघत होते. दादासो फेटा सोडायला बघत होता, पण पिना असल्या गच्च मारल्या होत्या की तो सुटेचना, नुसताच एका कानावर आला. वैष्णवी पहिल्या रांगेत उभी राहिली होती.

श्यामलाबाई उठल्या. त्यांना माइकपर्यंत यायला वेळ लागला.

"रतन खरं बोलतेय," त्या म्हणाल्या. "ती पडली नव्हती. नवऱ्यानं मारलं होतं. दवाखान्याचं नाव खराब होईल म्हणून मी तिला खोटं बोलायला लावलं. आणि नंतर आम्ही तेच खोटं तुम्हाला सगळ्यांना सांगत राहिलो. माझं चुकलं. ह्या सगळ्यांसमोर मी रतनची माफी मागते."

आणि त्यांनी खरंच वाकून हात जोडले. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. बघता बघता अख्खं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढं मोठं मन!" कुणीतरी म्हणालं. एका पाहुण्यांनी डोळे पुसले. स्वरदा रडत रडत सासूच्या गळ्यात पडली. फोटोवाला पुढं धावला आणि त्यानं बाईंचा, जोडलेल्या हातांचा, अगदी जवळून फोटो घेतला.

रतन हे सगळं बघत उभी होती. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"थांबा!" ती ओरडली. माइकची तिला गरजच पडली नाही. "टाळ्या कुणासाठी वाजवताय? डोकं माझं फुटलं हुतं."

टाळ्या एकेक करून थांबल्या. श्यामलाबाईंचे हात तसेच जोडलेले राहिले. रतननं अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवली. मग ती स्टेजवरून उतरली, वैष्णवीचा हात धरला आणि दोघी मधल्या वाटेनं दाराकडे निघाल्या.