काळ्या दगडाची वळख

आख्ख्या जुन्नर-आंबेगावात डोंगराकडं डोंगर म्हणून न बघणारा एकच माणूस, आमचा तळेघरचा मामा. आपल्याला डोंगर दिसतो, त्याला कुलूप लावलेली तिजोरी दिसायची! आणि ती फोडायची पहार, हातोडा, वर दगडांनी भरलेली युरियाची गोणी, हे सगळं सुट्टीत माझ्या खांद्यावर. खरं सांगतो राव, अजून कुणी बेसाल्ट म्हटलं की माझा खांदा दुखतो.

हे सगळं सुरू झालं दोन हजार सालाच्या आसपास, खडक बघायला आलेल्या एका साहेबामुळं. मामानं त्याला चहा पाजला आणि विचारलं, "सायेब, आमच्या डोंगरात सोनं हाय का?" साहेब चालून दमलेला. म्हणाला, हा सगळा लाव्हा, थरावर थर थंड झालेला. अशा खडकात भेगांतून उकळतं पाणी वर आलं, तर कधीकधी गारगोटीच्या शिरेत सोनं साठतं. इथं तसं कुणी नीट शोधलेलं नाही, पण... आणि जीप सुरू झाली. त्या 'पण'च्या पुढं काय होतं ते मामानं कधी विचारलंच नाही. "कुनी नीट शोधल्यालंच न्हाई," एवढंच भेटेल त्याला सांगायचा, जसं काय साहेब त्याला नोकरीवर ठेवून गेला!

मग काय, भाताची लावणी उरकली की डोंगर, नाचणी काढली की डोंगर. दगडाला आधी हातोडा, मग कान, मग जीभ. हो, चाटायचा! "उकळत्या पान्याची चव लागती," म्हणायचा. एसटीत शेजारच्या माणसाच्या मांडीवर गारगोटी ठेवायची आन् "पावणं, वजान बगा." एकदा चढून चढून माझा जीव गेला, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "मामा, काळ्या दगडात सोनं कसं असंल?" मामा हसला. "येड्या, सोनार सोनं कशावर घासून पारखतो? काळ्या दगडावरच ना? म्हंजी दोघांची जुनी वळख हाय." आता ह्याला कॉलेजातला कुठला सर उत्तर देणार?

पण ह्या वळखीपायी मामीचे दसरे गेले. मामानं ओट्यावर सगळ्यांसमोर शपथच घेतली होती. "झाडाचा पाला देऊन सोनं म्हनायचं, ही फसवनूक हाय. बायकूला द्यायचं तर खरं द्यायचं." दर दसऱ्याला सगळा गाव आपट्याची पानं वाटायचा आणि मामी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. "अवं, मी सोनं मागितलंय का कदी? पान द्या की." मामा हात पाठीमागं बांधायचा. "पुढल्या साली."

शेवटी एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिरेत पिवळं चमकलं! गुडघे दुखत असतानाही मामा डोंगर धावत उतरला. आम्ही एसटी बदलत बदलत नारायणगावच्या सोनाराकडं गेलो. सोनारानं तुकडा कसोटीवर घासला, दिव्याखाली धरला, परत घासला. काळ्यावर काळीच रेघ.

"मामा, पिवळं कायच उठत न्हाई. नुसता चमकनारा दगड हाय ह्यो."

"तुमची कसोटी म्हातारी झाली," मामा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

परत येताना शेवटची गाडी चुकली, पुढं चालतच गेलो. वाटेतल्या एकाही दगडाला मामानं हात लावला नाही. गोणी रिकामी होती, मला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट खांदा जास्तच दुखला.

दुसऱ्या दिवशी मामी नेहमीसारखी ताट घेऊन दारात. मामा समोर, हात पाठीमागं. तिनं ओवाळलं, काही मागितलं नाही, आत वळली. तेवढ्यात मामानं हात पुढं केला. मुठीत धरून धरून चुरगळलेलं आपट्याचं एक पान.

"घे," तो खाली बघत म्हणाला. "घासून बगू नको."

मामीनं ते पान पदराच्या टोकाला बांधलं. गाठ मारता मारता म्हणाली, "कशाला घासू? मला वळख हाय की."