गाडी स्क्रीनवर, ड्रायव्हर रस्त्यावर

आमच्या ऑफिसातली धूळ आणि किस्से, दोन्ही कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! काम तसं साधं. नाशिक जिल्ह्यातले टेम्पो, पिकअप, अँब्युलन्स स्क्रीनवर बघत बसायचं. गाडी चोरीला गेली, तर इथूनच तिचं इंजिन बंद करायचं. हेच एखाद्या भामट्याला जमू नये, म्हणून आमच्या सुषमाताई!

*

ताईंनी सगळ्या ड्रायव्हरांना गाडीच्या ॲपचे पासवर्ड बदलायला लावले. "अवघड ठेवा, पण विसरू नका!"

फुलं आणणाऱ्या नामदेवअण्णांनी इतका अवघड ठेवला, की विसरू नये म्हणून पेंटरकडून टेम्पोच्या मागेच लिहून घेतला!

ताईंनी कपाळावर हात मारला. अण्णा म्हणाले, "अक्षर चांगलं नाय आलं का?"

*

एकदा कुणीतरी खोटा जीपीएस सिग्नल सोडला. एक टेम्पो थेट गंगापूर धरणाच्या मधोमध दिसायला लागला! मी घाबरून फोन केला, "दादा, कुठे आहात?"

"सिन्नरला, चहा पितोय."

"अहो, स्क्रीनवर तुम्ही पाण्यात आहात!"

"मग लवकर काढा की राव, भाजी भिजंल!"

*

साहेबांची नवी गाडी रस्त्यावरचे बोर्ड वाचून आपोआप वेग धरते. एक दिवस मीटिंगला तासभर उशीर. पुढच्या ट्रकच्या मागे '४०' असा गोल स्टिकर होता, आणि गाडी तोच बोर्ड समजून चालत होती!

"ओव्हरटेक करायचं ना, सर!"

"ती ऐकेल तर ना! घरचीच सवय आहे म्हणा."

*

सटाण्याच्या कांदेवाल्या भाऊंना भामट्याचा फोन आला. "कंट्रोल रूममधून बोलतोय. ओटीपी सांगा, नाहीतर गाडी बंद करीन!"

भाऊ म्हणाले, "गाडी तं बंदच शे. तूच चालू करी दे ना भाऊ!"

*

आणि ती दुपार. कुणीतरी आमच्या सिस्टीममध्ये घुसलं आणि एकेक गाडी बंद पाडायला लागलं. दोन टेम्पो जागीच थांबले. तेवढ्यात ताईंचं लक्ष सुरगाण्याहून निघालेल्या अँब्युलन्सकडे गेलं. आत बाळंतपणाची पेशंट, पुढे घाट!

"सर्व्हरची इंटरनेटची वायर काढा, म्हणजे त्याचा हात पोचणार नाही!" ताई ओरडल्या.

"ताई, मग आपल्याला काहीच दिसणार नाही!"

"नाही दिसलं तरी चालेल. तिची गाडी थांबता कामा नये!"

मी वायर उपटली. स्क्रीन काळी झाली. ताईंनी ड्रायव्हर काशिनाथला फोन लावला. "दादा, आता आम्हाला तुम्ही दिसत नाही."

"मला रस्ता दिसतोय ना, ताई!"

घाटात रेंज गेली. ताई हातातला फोन खाली ठेवेनात.

शेवटी तो वाजला.

"ताई, पोचलो हॉस्पिटलला! निघताना चौघं होतो, उतरलो पाच!"