रांगोळीची रेषा

१९८७च्या हिवाळ्यात रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत मुलांनी बनवलेल्या, रेषेवरून आपोआप धावणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत झाली. सुनंदाची गाडी पहिल्या वळणाआधीच रेषा सोडून गेली. आज काळी चिकटपट्टी उलगडताना तोच रबरी वास आला.

सुनंदा माझ्या बाकावर बसायची. उजेड ओळखून वळणारी तिची गाडी घरी सारवलेल्या काळपट जमिनीवर, रांगोळीच्या पांढऱ्या रेषेवरून नीट चालायची. शाळेत पांढऱ्या कागदावर काळी पट्टी होती. गाडी पट्टी सोडून पांढऱ्याकडे पळाली.

"बुजली गो तुझी गाडी!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

तिचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. शर्यतीसाठी त्यांनी रजा वाढवली होती. जिंकलीस तर पुढे शिकायला मुंबईला नेईन, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ते उठून म्हणाले, "मास्तर, घरात चालत व्हती. मी बगितलंय."

"रेषा सगळ्यांना एकच," मास्तर म्हणाले.

दहावीनंतर सुनंदा गावीच राहिली.

शर्यतीत माझी गाडी पहिली आली. रेषा काळी असेल, हे सांगणारे छापील कागद वर्गात वाटले त्या दिवशी सुनंदा गैरहजर होती. तिचा कागद मास्तरांनी तिला देण्यासाठी माझ्याकडे दिला होता. शर्यतीच्या दिवशी तो माझ्या वहीतच होता.